नवी हार्ड डिस्क लावली, पण कॉम्प्युटरला दिसतच नाही? परत करायला निघण्याआधी हे वाचा

शनिवारी दुपारी लॅमिंग्टन रोडवरून हार्ड डिस्क घ्यायची, पनवेल लोकल पकडायची, स्टेशनवरून रिक्षा करून कोनला पोचायचं. रात्री जेवणं झाली की कॅबिनेट उघडायचं, चार स्क्रू लावायचे, दोन केबल जोडायच्या आणि बटण दाबायचं. कॉम्प्युटर नेहमीसारखा सुरू होतो. 'धिस पीसी' उघडावं तर तिथे तोच जुना सी आणि तोच जुना डी. नव्या डिस्कचा पत्ताच नाही.

अशा वेळी डोक्यात पहिला विचार येतो, दुकानदाराने बंद माल गळ्यात मारला. दुसऱ्या दिवशी रविवार, लॅमिंग्टन रोडची बहुतेक दुकानं बंद. म्हणजे सोमवारी कामावर दांडी मारून पुन्हा तेवढाच प्रवास.

कोन हे पनवेलजवळचं, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेला खेटून असलेलं गाव. आता इथे टॉवर उभे आहेत. म्हाडाने २०१६ मध्ये गिरणी कामगारांसाठी २,४१७ घरांची सोडत काढली, ती घरंही कोनचीच. मुक्काम मुंबईतून इकडे हलला तरी कॉम्प्युटरचा एखादा पार्ट घ्यायचा म्हटलं की पाय ग्रँट रोडकडेच वळतात. (लॅमिंग्टन रोडचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. टॅक्सीवाल्याला हे नाव सांगून बघा, तोही जरा विचारात पडेल.)

तर मुद्दा असा की तो सोमवारचा फेरा बऱ्याचदा फुकट जातो. दुकानातला पोरगा डिस्क त्याच्या मशीनला लावतो, दोन क्लिक करतो आणि म्हणतो, "चालू तर आहे." कारण नवीकोरी डिस्क 'धिस पीसी'मध्ये आपोआप दिसतच नाही. विंडोज ती दाखवत नाही, कारण त्यावर दाखवण्यासारखं अजून काही नसतं.

पण याच प्रकरणाची दुसरी बाजू जास्त महागात पडू शकते. डिस्क दिसावी म्हणून जी दोन बटणं दाबायची असतात, तीच बटणं चुकून जुन्या डिस्कवर दाबली गेली तर लग्नाचे फोटो, बारशाचे व्हिडिओ, स्कॅन करून ठेवलेली घराची कागदपत्रं, सगळं दिसेनासं होतं. त्यामुळे कुठे काय बघायचं, हे घाई न करता समजून घेतलेलं बरं.

'दिसत नाही' म्हणजे नेमकं कुठे दिसत नाही?

डिस्क लावल्यापासून ती 'धिस पीसी'मध्ये येईपर्यंत चार टप्पे असतात. आधी तिला वीज मिळायला हवी. मग मदरबोर्डला, म्हणजे बायोसला, ती ओळखता यायला हवी. त्यानंतर विंडोजला समजायला हवं की एक नवीन डिस्क आली आहे. आणि सगळ्यात शेवटी त्या डिस्कवर पार्टिशन आणि नावाचं अक्षर असायला हवं. आपण बघतो तो फक्त शेवटचा टप्पा आणि निकाल देतो पहिल्याचा.

यातली गंमत म्हणजे तपासाची सुरुवात तिसऱ्या टप्प्यापासून केली तर काम सोपं होतं. त्याला ना स्क्रू ड्रायव्हर लागतो, ना कॅबिनेट पुन्हा उघडावं लागतं.

स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करा. जी यादी उघडेल त्यात 'डिस्क मॅनेजमेंट' असं लिहिलेलं असेल, ते निवडा. खाली एकाखाली एक पट्ट्या दिसतील: डिस्क ०, डिस्क १, असेल तर डिस्क २. मोजणी शून्यापासून होते, त्यामुळे दोन डिस्क असतील तर दुसरीचं नाव डिस्क १ असतं. इथे नवीन डिस्कची पट्टी दिसली, म्हणजे वीज मिळाली, केबल बरोबर आहे आणि मदरबोर्डनेही ओळखलं. हार्डवेअरची काळजी तिथेच संपली.

बऱ्याचदा तर ही खिडकी उघडताच विंडोज स्वतःहून विचारतं, 'डिस्क इनिशियलाइज करायची आहे का?' आणि दोन पर्याय देतं: एमबीआर आणि जीपीटी. इथे बहुतेक जण घाबरून 'कॅन्सल' करतात आणि म्हणतात, डिस्क दिसत नाही.

सातबारा, प्लॉटिंग आणि घर नंबर

पनवेलच्या आसपास राहणाऱ्याला जमिनीची भाषा वेगळी समजावून सांगायला नको. कारखान्यातून आलेली हार्ड डिस्क म्हणजे नुसतं माळरान. जागा आहे, पण तिची नोंद कुठेच नाही. 'इनिशियलाइज' करणं म्हणजे त्या जमिनीचा सातबारा तयार करणं: इथे डिस्क आहे, तिच्यावर कोणते तुकडे आहेत याची नोंद या पानावर होईल. 'पार्टिशन' म्हणजे प्लॉट पाडणं. 'फॉरमॅट' म्हणजे त्या प्लॉटवर कुठे काय ठेवलं जाईल याची वही उघडणं. आणि 'ड्राइव्ह लेटर', म्हणजे डी, ई, एफ, हा दारावरचा घर नंबर. घर नंबर नसेल तर घर असूनही पोस्टमनला सापडत नाही.

आता तो एमबीआर की जीपीटी प्रश्न. एमबीआर ही पद्धत १९८३ ची. आयबीएमचा पीसी एक्सटी आला तेव्हा त्यात १० एमबीची हार्ड डिस्क होती आणि त्यासोबतच्या डॉस २.० मध्ये ही नोंदीची पद्धत आली. १० एमबी म्हणजे आज मोबाइलवर काढलेले दोन-तीन फोटो. त्या काळात केलेल्या नोंदवहीत पत्त्यासाठी जी जागा ठेवली, ती ३२ बिटची. डिस्कवर माहितीचा एक कप्पा ५१२ बाइटचा धरला, तर ३२ बिटमध्ये साधारण ४२९ कोटी कप्पे मोजता येतात. गुणाकार केला की उत्तर येतं सुमारे २.२ टीबी. त्यापुढची जमीन या वहीत लिहिताच येत नाही.

म्हणूनच कुणी ४ टीबीची डिस्क आणतो, एमबीआर निवडतो आणि मग तक्रार करतो की अर्धी डिस्क गायब आहे. दुकानदाराने काही गायब केलेलं नसतं. वहीतली पानं संपलेली असतात.

जीपीटी ही नंतरची पद्धत, तिला ही अडचण नाही. एमबीआरमध्ये मुख्य पार्टिशन चारच करता येतात, जीपीटीत विंडोज १२८ पर्यंत करू देतं. शिवाय जीपीटी आपल्या नोंदीची एक प्रत डिस्कच्या शेवटी ठेवते, त्यामुळे पहिलं पान खराब झालं तरी दुसरं असतं. साध्या शब्दांत, विंडोज १० किंवा ११ असेल तर डोळे झाकून जीपीटी निवडा. तीच डिस्क एखाद्या खूप जुन्या मशीनला लावायची असेल तेवढाच अपवाद.

इनिशियलाइज केलं की नव्या डिस्कसमोर काळी पट्टी दिसते आणि त्यावर लिहिलेलं असतं 'अनअ‍ॅलोकेटेड'. त्या काळ्या पट्टीवर राइट क्लिक, मग 'न्यू सिंपल व्हॉल्यूम', मग 'नेक्स्ट' करत जायचं. फाइल सिस्टीम एनटीएफएस ठेवायची, 'क्विक फॉरमॅट'ची टिक तशीच राहू द्यायची. मिनिटाभरात काळी पट्टी निळी होते आणि 'धिस पीसी'मध्ये नवा ड्राइव्ह हजर.

कधीकधी पट्टी आधीच निळी असते, पण तिच्यावर अक्षर नसतं. म्हणजे घर बांधून तयार आहे, फक्त नंबराची पाटी लावायची राहिली. राइट क्लिक करून 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स' मधून एखादं मोकळं अक्षर द्यायचं, झालं. ए आणि बी ही अक्षरं मात्र सहसा रिकामी ठेवतात. ती एकेकाळी फ्लॉपीसाठी राखीव होती आणि म्हणूनच हार्ड डिस्क आजही सी पासून सुरू होते. फ्लॉपी कधीच गेली, तिचं आरक्षण तेवढं राहिलं.

अजून एक प्रकार. जुन्या डिस्कची हुबेहूब कॉपी, म्हणजे क्लोन, करून नवी लावली की ती कधीकधी 'ऑफलाइन' दिसते. दोन्ही डिस्कचा ओळख क्रमांक सारखाच झालेला असतो, म्हणून विंडोज एकीला बाजूला बसवून ठेवतं. डाव्या बाजूला डिस्कच्या नावावर राइट क्लिक करून 'ऑनलाइन' केलं की विंडोज तिला नवा क्रमांक देतं.

आणि हो, १ टीबीच्या डिस्कवर ९३१ जीबीच दिसतील. यावरूनही दुकानात भांडणं होतात. कंपनी १ टीबी म्हणजे एकावर बारा शून्य इतके बाइट मोजते. विंडोज मात्र हजारऐवजी १,०२४ ने भागत जातं. बाइट तेवढेच आहेत, भागाकार वेगळा आहे.

थांबा, आधी डिस्क कोणती आहे ते बघा

वर सांगितलेलं सगळं नव्या, रिकाम्या डिस्कसाठी आहे. हेच शब्द जुन्या डिस्कवर दिसले तर त्यांचा अर्थ उलटा होतो.

समजा, जुना कॉम्प्युटर बंद पडला म्हणून त्यातली डिस्क काढून नव्या मशीनला लावली. विंडोज म्हणतं, 'नॉट इनिशियलाइज्ड'. किंवा 'ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा'. किंवा पार्टिशनवर 'रॉ' असं लिहून येतं. या डिस्कचा सातबारा आधीपासून आहे, पण तो फाटला आहे किंवा विंडोजला वाचता येत नाही. इथे 'ओके' दाबणं म्हणजे लोक आत राहत असलेल्या घराच्या जागेवर नवं प्लॉटिंग मंजूर करणं.

नेमका हाच घोळ सोसायट्यांमध्ये सीसीटीव्हीच्या बाबतीत होतो. पार्किंगमधून बाइक चोरीला जाते, कमिटीतलं कुणीतरी डीव्हीआरमधली हार्ड डिस्क काढतं आणि फुटेज बघण्यासाठी थेट कॉम्प्युटरला लावतं. अनेक डीव्हीआर स्वतःच्या वेगळ्या पद्धतीने डिस्कवर लिहितात. विंडोजला ती पद्धत माहीतच नसते, त्यामुळे ते डिस्क रिकामी आहे असं समजून फॉरमॅट करायचं का म्हणून विचारतं. समोरचा माणूस 'हो' म्हणतो आणि पोलिसांना द्यायचा पुरावा हाताने अवघड करून ठेवतो. फुटेज डीव्हीआरमधूनच, त्याच्या मेन्यूमधून पेन ड्राइव्हवर काढायचं असतं. उलट डीव्हीआरमध्ये नवी डिस्क टाकली असेल तर तीही डीव्हीआरच्याच मेन्यूतून फॉरमॅट करावी लागते. कॉम्प्युटरवर केलेलं फॉरमॅट तिथे कामाचं नाही.

मॅकवर वापरलेली किंवा लिनक्सवर वापरलेली डिस्क विंडोजला लावली तरी असाच प्रश्न येतो. उत्तर एकच: 'कॅन्सल'.

चुकून 'क्विक फॉरमॅट' झालंच, तर? फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर अजून आशा असते. क्विक फॉरमॅटमध्ये फक्त नोंदवही कोरी होते, मजकूर तबकडीवर तसाच असतो, त्यावर नवं काही लिहिलं जाईपर्यंत. म्हणून त्या क्षणी डिस्क वापरणं बंद करायचं. एसएसडीचं मात्र तसं नाही. तिथे 'ट्रिम' नावाची सोय असते, ती रिकाम्या झालेल्या जागा पुसून घ्यायला एसएसडीला सांगते. त्यामुळे एसएसडीवरचा गेलेला डेटा परत मिळण्याची शक्यता फार कमी उरते. आणि क्विकची टिक काढून पूर्ण फॉरमॅट केलं असेल तर विंडोज सगळीकडे शून्य लिहून टाकतं, तिथे हार्ड डिस्क असली तरी विषय संपला.

यावर एक साधा उपाय आहे. नवी डिस्क तयार करताना महत्त्वाचा डेटा असलेली दुसरी डिस्क मशीनमध्ये असेल, तर कॉम्प्युटर बंद करून तिची केबल तेवढ्या वेळापुरती काढून ठेवायची. समोर चुकीची डिस्क नसली की चुकीची डिस्क निवडलीही जात नाही. दोन्ही डिस्क १ टीबीच्या असल्या तर हे कराच, कारण आकारावरून ओळखायची सोय तिथे नसते.

डिस्क मॅनेजमेंटमध्येही नाही? मग कॅबिनेट उघडा

आता स्क्रू ड्रायव्हर घ्यायची वेळ. कॉम्प्युटर पूर्ण बंद, बोर्डाचं बटण बंद, प्लग बाहेर. हात लावण्याआधी कॅबिनेटच्या पत्र्याला एकदा हात लावायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते.

डिस्कला दोन केबल लागतात. रुंद असते ती विजेची, एसएमपीएसमधून येणारी, १५ पिनची. अरुंद असते ती डेटाची, मदरबोर्डला जाणारी, ७ पिनची. दोन्हींचं तोंड इंग्रजी एल आकाराचं असतं, म्हणजे उलटी बसू नयेत. तरीही जोर लावणारे लावतात आणि प्लास्टिकची पट्टी मोडते. अर्धवट बसलेली केबल हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात नेहमीचं कारण. काढा, पुन्हा नीट बसवा. त्यानेही नाही झालं तर जुन्या, चालू असलेल्या डिस्कची डेटा केबल तेवढ्यापुरती नव्या डिस्कला लावून बघा. नवी डिस्क दिसली तर दोष केबलचा. केबलची किंमत डिस्कपुढे काहीच नाही, ती पनवेलमध्येच मिळेल.

मग कान लावा. तबकडीवाली डिस्क चालू झाली की हलकी घरघर येते, बोटाला किंचित थरथर जाणवते. काहीच नाही, म्हणजे वीज पोचत नाही. एसएमपीएसची दुसरी पिन लावून बघा. एसएसडी असेल तर आवाजाची वाट बघू नका, तिच्यात फिरणारं काही नसतं.

इथे एक धोक्याची गोष्ट. ज्या एसएमपीएसच्या केबल सुट्या निघतात, त्यांच्या केबल एका कंपनीच्या दुसऱ्या कंपनीला लावू नयेत. डिस्ककडचं टोक सारखंच असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाची जोडणी वेगळी असू शकते. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले तर डिस्क पहिल्याच झटक्यात जळते. मित्राकडून आणलेली केबल 'बसली म्हणजे चालेल' असं इथे चालत नाही.

दुसरा एक विचित्र प्रकार मोठ्या क्षमतेच्या काही डिस्कमध्ये दिसतो. डिस्क चांगली, केबल चांगली, एसएमपीएस चांगला, तरी तबकडी फिरतच नाही. २०१६ च्या साटा ३.३ या नियमावलीत विजेच्या तिसऱ्या पिनला नवं काम दिलं गेलं: या पिनवर वीज आली तर डिस्कने झोपून राहायचं. मोठ्या सर्व्हर रूममध्ये एखादी डिस्क लांबूनच बंद-चालू करता यावी म्हणून ही सोय. पण घरातले बरेच एसएमपीएस त्या पिनवर आधीपासून ३.३ व्होल्ट सोडत आलेत. त्यामुळे सर्व्हरसाठी बनलेली किंवा एक्स्टर्नलच्या डबीतून काढलेली डिस्क घरी लावली की ती आज्ञाधारकपणे झोपून राहते. जुन्या चार पिनच्या मोलेक्समधून साटा काढणारी कन्व्हर्टर केबल लावली की तिथे ही ३.३ व्होल्टची तार नसते आणि डिस्क उठते. फक्त ती कन्व्हर्टर बऱ्या दर्जाची घ्या. तारा साच्यात ओतून बनवलेल्या स्वस्त कन्व्हर्टर आत शॉर्ट होऊन जळाल्याचे प्रकार घडलेले आहेत.

आणि खोडरबर. रॅम काढून तिच्या सोनेरी पट्टीवर खोडरबर घासायचा उपाय घरोघरी माहीत आहे, पनवेलच्या दमट हवेत तो कधीकधी लागूही पडतो. पण साटाच्या पिना प्लास्टिकच्या खाचेत असतात, तिथे रबर घालून घासलं तर कचरा आत अडकतो. ते करू नका.

बायोस काय म्हणतो?

केबल तपासून झाल्या की कॉम्प्युटर चालू करतानाच डिलीट किंवा एफ-२ दाबत राहायचं. काही कंपन्यांच्या मशीनवर एफ-१ किंवा एफ-१० असतं, सुरुवातीच्या स्क्रीनवर लिहिलेलं दिसतं. बायोसमध्ये स्टोरेज किंवा साटा असं पान असतं. तिथे डिस्कचं मॉडेल आणि आकार दिसायला हवा. दिसला, पण विंडोजमध्ये नाही, तर परत डिस्क मॅनेजमेंटकडे जा, कदाचित 'रिस्कॅन' करायचं राहिलं असेल. बायोसमध्येच दिसत नसेल तर तो साटा पोर्ट तिथे बंद करून ठेवलेला नाही ना, ते बघा आणि केबल दुसऱ्या पोर्टला लावून पुन्हा बघा.

पोर्ट बदलायला सांगण्यामागे आणखी एक कारण आहे. बऱ्याच मदरबोर्डवर एम डॉट टू स्लॉट आणि एखाददोन साटा पोर्ट एकाच लाइनवर असतात. च्युइंगगमच्या पट्टीसारखी ती छोटी एसएसडी एम डॉट टू स्लॉटमध्ये बसवली की ते साटा पोर्ट आपोआप बंद होतात. मग लोक म्हणतात, नवी एसएसडी लावली आणि जुनी डिस्क उडाली. जुनी डिस्क ठणठणीत असते, फक्त दुसऱ्या पोर्टची वाट बघत असते. कोणता पोर्ट बंद होतो हे मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं. मॅन्युअल हरवलं असेल तर बोर्डाचं मॉडेल टाकून कंपनीच्या साइटवर मिळतं.

खुद्द त्या छोट्या एसएसडीचीही दोन घराणी आहेत. दिसायला सारखी, बोली वेगळी. एक साटाची भाषा बोलते, दुसरी एनव्हीएमईची. काही स्लॉटना दोन्ही कळतात, काहींना एकच. बहुतेक वेळा टोकाला दोन खाचा असतील तर साटा आणि एक खाच असेल तर एनव्हीएमई, पण हा नियम पक्का नाही. खात्री करायची तर खोक्यावर वाचायचं. चुकीच्या घराण्याची एसएसडी स्लॉटमध्ये व्यवस्थित बसते, स्क्रूही लागतो आणि दिसत मात्र नाही. अशा वेळी डिस्क खराब नाही, निवड चुकली आहे. दुकानात बदलून मागताना हेच सांगा, वाद कमी होतो.

लॅपटॉपवाल्यांसाठी वेगळी अडचण. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपवर नव्याने विंडोज टाकायला घेतलं की 'कोणतीही डिस्क सापडली नाही' असं येतं. डिस्क असते, बायोसमध्ये दिसतेही. इंटेलची व्हीएमडी नावाची सोय चालू असते आणि विंडोजच्या इन्स्टॉलरकडे तिचा ड्रायव्हर नसतो. कंपनीच्या साइटवरून तो ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घ्यायचा आणि त्याच पानावरच्या 'लोड ड्रायव्हर'मधून द्यायचा.

एक्स्टर्नल डिस्क असेल तर आधी कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबीऐवजी मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या यूएसबीला लावा, मधला हब काढा, केबल बदला. निम्मा संशय तिथेच मिटतो.

आणि डिस्क खरंच गेली असेल तर?

तसंही होतं. डिस्कमधून टक-टक असा ठरावीक आवाज येत राहणं, दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरलाही, दुसऱ्या केबलने, दुसऱ्या पोर्टला न दिसणं, जळल्याचा वास येणं, यातलं काही असेल तर पुढे प्रयोग नकोत. डिस्क नवी असेल तर बदलून घ्यायची. जुनी असेल आणि आत डेटा असेल तर पुन्हा पुन्हा चालू-बंद करून बघणं हेच सगळ्यात जास्त नुकसान करतं. हाच तो क्षण, जेव्हा डेटा रिकव्हरीवाल्याकडे जायचं, आणि डिस्क उघडून बघण्याचा मोह टाळायचा. धुळीचा एक कण तबकडीवर ओरखडा काढायला पुरेसा असतो.

पण कॉम्प्युटरला डिस्क न दिसणं आणि डेटा जाणं या दोन गोष्टी एक नाहीत, याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. २००८ च्या अखेरीस आणि जानेवारी २००९ मध्ये सीगेटच्या बाराकुडा ७२००.११ मालिकेतल्या डिस्क जगभर अचानक गायब होऊ लागल्या. रात्री कॉम्प्युटर बंद केला, सकाळी चालू केला तर बायोसमध्येही डिस्क नाही. तबकड्या शाबूत, मोटर शाबूत, आतला डेटाही शाबूत. चूक होती डिस्कच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, ज्याला फर्मवेअर म्हणतात. कंपनीने चूक मान्य केली, सुधारित फर्मवेअर दिलं आणि अडकलेल्या ग्राहकांना डेटा काढून देण्याची तयारी दाखवली. त्या दिवसांत ज्यांनी वैतागून डिस्क फेकून दिली, त्यांनी चांगला डेटा कचऱ्यात टाकला.

वॉरंटीचं गणित मात्र नीट समजून घ्या. वॉरंटीत कंपनी डिस्क बदलून देते, आतला डेटा तिच्या हिशेबात नसतो. बिलावर डिस्कचा सीरियल नंबर लिहून घ्यायचा आणि शक्य असेल तर दुकानातच तो नंबर कंपनीच्या साइटवर टाकून भारतातली वॉरंटी दाखवतंय का ते बघायचं. बाहेरून आलेला, बिलाशिवाय स्वस्तात मिळणारा माल इथेच उघडा पडतो. ऑनलाइन मागवली असेल तर खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा, पिना वाकलेल्या निघाल्या तर तोच बोलतो.

परत न्यायची वेळ आलीच, तर सोबत दोन फोटो न्या: बायोसच्या पानाचा, ज्यात डिस्क नाही, आणि दुसऱ्या कॉम्प्युटरच्या डिस्क मॅनेजमेंटचा, ज्यातही नाही. काउंटरवरचा "तुमच्याच मशीनचा प्रॉब्लेम आहे" हा संवाद मग फार लांबत नाही. तरीही दुकानदार किंवा कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तिथे तक्रार नोंदवायला कोनहून लोकल पकडावी लागत नाही.